बावीस मेपल, एक उतार: बादल्या सोडून नळी लावली त्याला तीन हंगाम झाले

व्हर्मॉन्टमध्ये जेरिकोला आमच्या घरामागे जो उतार आहे, त्यावर सिरपसाठी रस काढण्याजोगे बावीस मेपल आहेत. चार हंगाम मी त्यांना बादल्या लावल्या आणि त्यापुढचे तीन हंगाम ३/१६ इंची प्लास्टिकची नळी. बर्लिंग्टनच्या आसपासची आपली मंडळी हल्ली जरा आत, गावाकडे घरं घेतात. घरामागे पाच-दहा मेपल निघतात आणि जानेवारी सरत आला की फोन येतो, "ताई, बादल्या घेऊ की नळी?" पाच मिनिटांत सांगून संपणारी ही गोष्ट नाही, म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

माझा कौल आधीच सांगून टाकते. जागेला चांगला उतार असेल आणि झाडं पंधराच्या वर असतील तर नळी लावा. जागा सपाट असेल तर नळीवर एक डॉलरही घालू नका. आणि घराजवळ एखादं जुनं, पसरलेलं झाड असेल, तर बाकी सगळीकडे नळी लावली तरी त्या एका झाडाला बादलीच राहू द्या. का, ते पुढे येईल.

आधी रसाचं थोडं. माझ्या आजोळी गुऱ्हाळ होतं, त्यामुळे रस, काहील, मळी, काकवी हे शब्द लहानपणापासून कानावरचे. मेपल सिरप म्हणजे या झाडाची काकवीच म्हणा. पण उसाचा रस तोंडात घेतला की गोड लागतो, मेपलचा रस जवळजवळ पाण्यासारखा. त्यात साखर साधारण २ टक्के. इथले लोक एक सोपा हिशोब करतात: ८६ ला साखरेच्या टक्क्यांनी भागायचं, की एक गॅलन सिरपला किती गॅलन रस लागेल ते कळतं. २ टक्क्यांना ४३ गॅलन. त्यातलं ४२ गॅलन पाणी वाफ करून उडवायचं. एवढ्या पाण्याची ने-आण कशी करायची, हाच सगळा प्रश्न आहे.

रस वाहतो तो फेब्रुवारीअखेरपासून एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत, आणि तोही रोज नाही. रात्री पारा शून्याखाली आणि दिवसा शून्याच्या वर, असं चक्र लागतं. रात्री खोड गोठताना झाड मुळांतून पाणी वर ओढून घेतं. दिवसा ते वितळलं की खोडात दाब तयार होतो आणि भोक असेल तिथून रस बाहेर येतो. दाब ओसरला की रस थांबतो. नळीची सगळी करामत या ओसरण्याशी आहे, तेवढं लक्षात असू द्या.

पहिल्या वर्षी शेजारच्या आजोबांनी त्यांच्या कोठारातून पत्र्याच्या जुन्या बादल्या काढून दिल्या. ऐंशी ओलांडलेले, लहानपणी वडिलांबरोबर घोड्याच्या स्लेजवरून रस गोळा केलेले गृहस्थ. टाउन मीटिंगच्या, म्हणजे गावाच्या वार्षिक सभेच्या दिवशी, मार्चच्या पहिल्या मंगळवारी, झाडांना भोकं पाडायची हा त्यांच्या घरातला शिरस्ता. हल्ली हवा लवकर तापते, बरेच जण फेब्रुवारीतच उरकतात, त्यांनी मात्र दिवस बदललेला नाही. बादल्या देताना ते प्रत्येकीची शिवण उजेडात धरून बघत होते. जुन्या बादल्यांच्या सांध्यांना शिशाचा डाग दिलेला असतो, काहींच्या तर सबंध पत्र्यावरच शिसं मिसळलेला मुलामा असतो. ते शिसं रसात उतरतं, आणि रस आटवला की सिरपात आणखी दाट होतं. तसल्या सगळ्या त्यांनी बाजूला काढल्या आणि म्हणाले, या फुलझाडांना ठेव. रसाला उरल्या अकरा, बाकीच्या मी नव्या घेतल्या. यार्ड सेलमध्ये कुणी जुनी देखणी बादली पाच डॉलरला देत असेल, तर ती शोभेला घ्या. रसाला नको, आणि लहान मुलं असतील त्या घरात तर मुळीच नको.

बादलीचं काम समजायला सोपं. किंचित बाहेर उतरतं, दीड इंच खोल भोक पाडायचं. ड्रिलबरोबर येणारा भुसा सायीसारखा पांढरा असला तर जागा चांगली. तपकिरी आला तर तिथे जुन्या जखमेचं मेलेलं लाकूड आहे, दुसरीकडे सरका. तोटी हातोडीने हळू ठोकायची, आवाज बदलून भरीव झाला की थांबायचं. आकड्यात बादली, वर झाकण. पहिला थेंब रिकाम्या तळावर पडतो तेव्हा 'टण्' असा स्वच्छ आवाज येतो. दहा-वीस थेंबांनी तळ झाकला की तोच आवाज बसका होतो. एखाद्या उन्हाच्या सकाळी उतारावरच्या सगळ्या बादल्या एकदम वाजायला लागल्या, तेव्हा माझी लेक म्हणाली, आई, डोंगराने घुंगरं बांधली.

पण तो रस घरी आणायचा म्हणजे अंगमेहनत. एक गॅलन रस साडेआठ पौंडांहून जड. पाच गॅलनचा डबा भरला की ४३ पौंड, आणि दोन्ही हातांत एकेक. गुडघाभर बर्फात, स्नोशू घालून, उतारावरून. मला ती मेहनत खरं तर आवडायची. अडचण नोकरीची होती. मी बर्लिंग्टनला कामाला जाते, घरी यायला संध्याकाळचे सहा होतात. रस चांगला सुटला की चार गॅलनची बादली दुपारीच काठोकाठ भरते. घरी येऊन बॅटरी घेऊन वर जावं, तर झाडाच्या बुंध्याशी बर्फात खोल भोक पडलेलं, आणि तेवढा रस मातीत गेलेला. चौथ्या हंगामात एकाच आठवड्यात तीन दिवस असं झालं. झाडाला आपण जखम करतो ती रसासाठी. तो रस असा वाया जाऊ देणं मला सहन होईना. त्याच आठवड्यात नळीचं ठरवलं.

नळी ही काही आजची गोष्ट नाही. अबेनाकी लोक या भागात भूर्जाच्या सालीची भांडी करून रस धरायचे, पुढे लाकडी बादल्या आल्या, मग पत्र्याच्या. १९१६ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या ब्राउअर यांनी धातूच्या नळ्यांनी झाडं जोडण्याच्या पद्धतीचं पेटंट घेतलं होतं. प्लास्टिकच्या नळीचं पेटंट १९५९ चं, आमच्याच माँटपीलियरच्या नेल्सन ग्रिग्ज यांचं. आज मोठ्या बागांत नळ्यांचं जाळं आणि त्याला व्हॅक्यूम पंप असतो. झाडातला स्वतःचा दाब ओसरला तरी पंप रस ओढत राहतो, आणि ओढ (ती पाऱ्याच्या इंचांत मोजतात) एका इंचाने वाढली की रस साधारण ५ ते ७ टक्क्यांनी वाढतो. आमच्या शेजारी अंडरहिलला व्हर्मॉन्ट विद्यापीठाचं प्रॉक्टर मेपल संशोधन केंद्र आहे, तिथे या विषयावर वर्षानुवर्षं काम झालेलं आहे.

बावीस झाडांसाठी पंप आणि वीज कुठून आणणार? इथे ३/१६ ची नळी कामाला येते. नेहमीची नळी ५/१६ इंची. तिच्यात रस तळाशी वाहतो आणि वर हवा मोकळी राहते. ३/१६ ची नळी इतकी बारीक की रस तिची पोकळी पूर्ण भरतो. रसाचा तुकडा, मग वायूचा बुडबुडा, मग पुन्हा रसाचा तुकडा, असे मालगाडीच्या डब्यांसारखे एकामागोमाग खाली सरकतात. हवेला मागे जायला वाटच नसते. मग उतारावर नळीभर लोंबणाऱ्या रसाचं वजनच वरच्या झाडांना ओढ देतं. दर फूट उतरणीला जवळजवळ ०.८८ इंच पारा. ३० फूट उतरण मिळाली तर २६ इंच, म्हणजे पंपाच्या तोडीची ओढ, आणि विजेचं बिल शून्य. लहान बागायतदारांपर्यंत हे नेलं ते विद्यापीठाच्या विस्तार सेवेतल्या टिम विल्मॉट यांनी, आणि माझ्यासारखीवर त्यांचे उपकार आहेत.

खरेदीचं सांगते. बावीस तोट्या, बावीस टी (झाडाची आखूड नळी लांब नळीला जोडणारे तीन तोंडांचे सांधे), पाचशे फुटांची दोन भेंडोळी, जोडण्या, शेवटाला लावायच्या कड्या आणि ओढ मोजायचा एक व्हॅक्यूम गेज, सगळं मिळून अडीचशे डॉलरच्या आसपास. रसासाठी खाण्याच्या पदार्थांचं एक वापरलेलं ५५ गॅलनचं पिंप वेगळं. उलट नवी जस्ती बादली, झाकण आणि तोटी असा एक संच हल्ली तिसाच्या आसपास जातो. बावीस संच म्हणजे साडेसहाशेच्या वर. बादली स्वस्त आणि नळी महाग असं लोक धरून चालतात, पण सगळं नवं घ्यायचं असेल तर गणित उलटं आहे.

माल मी ऑनलाइन मागवला आणि तिथे दुकानाने मनस्ताप दिला. खोक्यात टी आल्या त्या ५/१६ च्या. बाहेर पाकिटावर आकडा बरोबर, आत माल चुकीचा. फोन केला तर उत्तर मिळालं, परत पाठवा, तपासू, तीन आठवडे लागतील. तीन आठवडे म्हणजे आमचा अर्धा हंगाम. शेवटी गावातल्या पशुखाद्याच्या दुकानात अठरा मिळाल्या आणि चार आजोबांच्या ओळखीने एका बागेतून. तुम्ही माल जानेवारीतच मागवा, आणि आल्या दिवशी पाकिटं फोडून एक टी नळीच्या तुकड्यात घालून बघा.

लावण्याचं काम दोन माणसांचं. नवरा वरून भेंडोळं सोडत होता, मी खाली ओढत होते. नळी प्रत्येक झाडाला एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून घासत जाते, त्या आधारानेच ती ताठ राहते. कुठेही झोळ नको. झोळ पडला की तिथे रस साचतो, रात्री गोठतो, आणि सकाळी तो बर्फाचा बोळा वितळेपर्यंत वरची सगळी झाडं अडकून राहतात. थंडीत हे प्लास्टिक काठीसारखं कडक होतं, टीच्या दातेरी टोकावर चढतच नाही. त्यावरचा उपाय म्हणजे थर्मासमधलं कडक पाणी. नळीचं टोक त्यात बुडवायचं, दहा अंक मोजायचे आणि लगेच एका दमात दाबून बसवायचं. हातमोजे घालून हे जमत नाही. पाचव्या झाडापर्यंत माझ्या बोटांना टोक टोचल्याचं कळेनासं झालं होतं. अकरा झाडांच्या एका रेषेला पूर्ण रविवार गेला. अशा दोन रेषा केल्या; बारीक नळीवर फार झाडं टांगली की ती तुंबते, पंचविसाच्या पुढे जाऊ नका.

पहिल्यांदा रस आला तो क्षण मला तपशिलात आठवतो. सकाळचे साडेनऊ, सर्वात वरच्या झाडापाशी मी गुडघ्यांवर बसले होते. तोटीच्या गळ्याशी एक थेंब फुगला, नळीत उतरला, थांबला. त्याच्यामागे बुडबुडा आला. मग एकदम सगळी नळी जिवंत झाल्यासारखी तुकड्यातुकड्याने खाली सरकायला लागली, आणि गेजचा काटा हलला. पाच. आठ. दहाच्या पुढे जाऊन तेराजवळ स्थिर झाला. उताराखालून नवऱ्याची हाक आली, पिंपात धार लागली.

काटा तेरावरच का थांबला, हे समजायला मला आठवडा लागला, आणि हे कुठलंही दुकान सांगत नाही म्हणून ठळकपणे सांगते. झाडाला ओढ मिळते ती त्याच्या खाली जेवढी उतरण शिल्लक आहे तेवढीच. सर्वात वरच्या झाडाला सर्वात जास्त, पिंपालगतच्या झाडाला जवळपास काहीच नाही. मी पिंप शेवटच्या झाडापासून सहा पावलांवर ठेवलं होतं. म्हणजे खालची झाडं नळीला जोडलेली असूनही बादलीइतकाच रस देत होती. मग दोन्ही रेषा तशाच पुढे, एकही झाड न जोडता, आणखी सत्तर फूट खाली रस्त्याच्या वळणापर्यंत नेल्या. तिथे बारा फूट उतरण जास्तीची मिळाली. ती सर्व बावीस झाडांच्या खाती जमा झाली आणि वरचा काटा बावीसवर गेला. पिंप रस्त्याशी आल्यामुळे रस गाडीतून घरी येतो, तो फायदा वेगळा. जागा बघताना झाडं किती उंचीवर आहेत यापेक्षा शेवटच्या झाडाच्या खाली किती उतार उरतो ते बघा.

बादल्यांच्या शेवटच्या हंगामात या बावीस झाडांनी २१० गॅलन रस दिला होता. नळीच्या पहिल्या हंगामात ३६५ दिला. साखर दोन्ही वर्षी २ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे सिरप पाच गॅलनला थोडं कमी होतं ते साडेआठ गॅलन झालं. हवामान दर वर्षी वेगळं असतं हे मलाही कळतं. पण शेजारच्या आजोबांच्या बादल्यांना दोन्ही वर्षी सारखाच रस होता, म्हणून ही वाढ मी नळीच्या नावावर मांडते. आणि सांडलेला एक थेंब नाही.

पुढच्या दोन हंगामांत नळीची दुसरी बाजू दिसली.

पहिला हंगाम संपल्यावर तोट्या काढल्या आणि घरातलं ब्लीच पाण्यात घालून नळ्या धुतल्या. स्वच्छता चांगली झाली, पण साध्या ब्लीचमध्ये सोडियम असतं आणि मागे मीठ उरतं. खारीला खारट प्रिय. पुढच्या फेब्रुवारीत बघते तर नळीवर जागोजाग कुरतडल्याच्या खुणा, मी मोजल्या त्या चाळीसच्या वर. कॅल्शियम हायपोक्लोराइट वापरायचं असतं, त्यात सोडियम नसतं, हे मला नंतर कळलं. ज्यानेही धुवाल, हंगामाच्या सुरुवातीचा रस पिंपात न घेता बाहेर सोडून द्या, म्हणजे नळी आतून धुतली जाते.

नळीला भोक पडलं की रस बाहेर गळत नाही, हवा आत शिरते. म्हणून ते लांबून दिसत नाही. दुपारी रस वाहता असताना नळीच्या कडेकडेने चालावं लागतं. बुडबुडे संथ चालत असतील तर ठीक. एखाद्या ठिकाणाहून खाली ते घाईने पळताना दिसले, तर भोक तिथेच. कान लावला तर बारीक फुस्स ऐकू येतं. तेवढा तुकडा कापून जोडणी घालायची. हे काम दर शनिवारचं. एकदा मूस, म्हणजे इथलं अवाढव्य हरीण, रेषेतून आरपार चालत गेला आणि त्याने छातीवर नळी घेऊन पाच झाडांच्या टी उपटल्या. वादळानंतर पडलेल्या फांद्या तर ठरलेल्याच. त्यामुळे नळी लावली की काम संपतं असं कुणी सांगत असेल तर ते खरं नाही. ओझं वाहणं संपतं, राखण सुरू होते.

तिसऱ्या हंगामाला रस उतरला. दुसऱ्या हंगामात ३२० गॅलन होता, तिसऱ्यात मार्चच्या मध्यापर्यंत जेमतेम १२०. काटा बरोबर, भोक कुठे सापडेना. शेवटी एक टी चाकूने उभी चिरली. आत भाताच्या पेजेसारखा पांढरट बुळबुळीत थर, त्यात अडकलेला लाकडाचा भुसा, आणि मधून सुई जाईल एवढीच वाट. जिवाणूंचा थर. नळी बारीक आहे म्हणून ओढ मिळते, आणि बारीक आहे म्हणूनच तुंबते. ५/१६ च्या नळीला हाच थर जाणवलाही नसता. त्याच शनिवार-रविवारी सगळ्या टी बदलल्या आणि हंगाम २५० वर संपला. तेव्हापासून तोट्या दर वर्षी नव्या, टी दर दोन वर्षांनी नव्या. वर्षाला चाळीसएक डॉलर खर्च धरून चाला. मला सलतं ते मागे उरणारं प्लास्टिक. बादली धुतली, उन्हात उपडी घातली, की पुढची पन्नास वर्षं तीच. आजोबांच्या चांगल्या बादल्या त्यांच्या वडिलांनी घेतलेल्या आहेत.

चवीबद्दल सगळेच विचारतात. बादलीतला आणि नळीतला रस एकाच दिवशी, एकाच कढईत, आळीपाळीने आटवून मी घरात सात जणांना न सांगता चाखवला. कुणालाही ओळखता आला नाही. चव ठरते ती रस किती लवकर चुलीवर गेला यावर. हा रस दुधासारखा नासतो. एप्रिलच्या उन्हात नळी तापते, पिंपातला रस संध्याकाळी गढूळ दिसायला लागतो. झाडाच्या उत्तर बाजूला टांगलेल्या बादलीत बर्फाचा तुकडा तरंगत असतो, तिथे रस जास्त वेळ टिकतो. बादलीला मात्र पाऊस आणि पतंग. झाकण असलं तरी खोडावरून ओघळणारं पाणी आत शिरतं, आणि हंगाम सरत आला की तपकिरी पतंग रसात पडलेले सापडतात, फडक्यातून गाळून घ्यावं लागतं.

झाडाच्या जखमेचं म्हणाल तर बादलीच्या जुन्या तोट्या ७/१६ इंची, नळीच्या तोटीचं झाडात जाणारं टोक ५/१६ (नळीकडचं टोक ३/१६ च). लहान भोक लवकर भरून येतं. बादलीसाठीही आता ५/१६ ची तोटी मिळते, घ्यायची तर तीच घ्या. बारा इंचांहून कमी जाडीच्या झाडाला मी हात लावत नाही.

बादली मी पूर्णपणे का सोडली नाही, ते आता सांगते. रस्त्याच्या कडेला तीन जुने मेपल आहेत. मोकळ्यावर वाढलेले, पसरट माथ्याचे. त्यांच्या रसात साखर ३.१ टक्के भरते, म्हणजे २८ गॅलन रसात एक गॅलन सिरप. उतारावरच्या दाटीत वाढलेल्या एका झाडाची १.६ टक्के, त्याला ५४ गॅलन लागतील. प्रत्येक बादलीत साखर मोजायचा हायड्रोमीटर बुडवून मी हे आकडे वहीत लिहिले होते. कोणतं झाड सकाळी लवकर सुटतं, कोणतं दुपारी उठतं, कोणाचा रस एप्रिलमध्ये आधी बिघडतो, सगळं पाठ होतं. नळी लावली आणि सगळ्यांचा रस एका पिंपात एक झाला. वही कोरी राहिली.

त्याची किंमत कळली ती गेल्या ऑगस्टमध्ये. उतारावरच्या चौदा नंबरच्या झाडाचा माथा बघितला तर वरच्या फांद्या उघड्या पडलेल्या, पानं विरळ आणि अकालीच लालसर. असं एका उन्हाळ्यात होत नाही. ते झाड दोन-तीन वर्षं खचत असणार, रसही कमी देत असणार, आणि मी दर वर्षी त्याला नवं भोक पाडत होते. बादली असती तर पहिल्याच आठवड्यात रिकामी दिसली असती, आणि मी त्याला सोडून दिलं असतं. त्या दिवशी त्या झाडाखाली मी बराच वेळ उभी होते.

म्हणून आता पद्धत बदलली आहे. प्रत्येक झाडाला ॲल्युमिनियमचा बिल्ला आणि नंबर. हंगामात दोनदा, रस चांगला वाहत असताना, एकेका झाडाची आखूड नळी टीपासून सोडवून पाच मिनिटं काचेच्या बरणीत धरायची, किती भरला ते बघायचं, साखर मोजायची, वहीत लिहायचं. त्याला एक पूर्ण सकाळ जाईल. त्या पाच मिनिटांत ओढ थोडी तुटते, तुटू दे. नळी लावणाऱ्या प्रत्येकाला मी हे करायला सांगेन. रस्त्याकडेच्या तिघांना सहा बादल्या तशाच आहेत, त्यांचा रस वेगळा आटवते, आणि आजोबा मार्चच्या पहिल्या मंगळवारी काठी टेकत येऊन त्यांच्या झाकणांखाली डोकावतात.

सपाट जागावाल्यांसाठी एक साधा उपाय: ५/१६ ची तोटी, तिला दोन-तीन फूट नळीचा तुकडा, आणि जमिनीवर झाकणाला भोक पाडलेला खाण्याच्या दर्जाचा पाच गॅलनचा डबा. मोठ्या झाडाला दोन तोट्या लावायच्या असतील तर दोन्ही एकाच डब्यात सोडता येतात. ओढ मिळणार नाही, पण पाऊस आणि पतंग आत येणार नाहीत.

यंदाचं खोकं परवा आलं. लगेच फोडून मोजलं: तोट्या एकवीस, सगळ्या ३/१६ च्या. चौदा नंबरला यंदा भोक पाडणार नाही. त्याच्या जागची नळी सरळ जोडून घेतली आहे, बिल्ला मात्र काढलेला नाही.